आठवीच्या मुलांनीच वर्गातल्या मुलांना सिगारेटपासून लांब ठेवायचं, हे नेमकं कसं बसवायचं?

कोरा_फळा

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातली माध्यमिक शाळा. आठवीच्या तीन तुकड्या, पट १२०. फाटकासमोर रस्ता, पलीकडे टपरी, तिथे सुट्टी सिगारेट मिळते. शाळा सुटल्यावर आणि संध्याकाळच्या क्लासच्या आधी दहावीची सात-आठ मुलं तिथे घोळका करून असतात. यंदा आठवीतली काही त्यांच्या कडेला उभी राहू लागली आहेत. ओढत नाहीत अजून, नुसती उभी राहतात.

शपथ, प्रभातफेरी, घोषवाक्य स्पर्धा, तोंडाच्या कर्करोगाची चित्रफीत हे सगळं दरवर्षी होतं. फरक शून्य. आता मुलांचाच गट करून मुलांमार्फत काम करायचं ठरतंय. विचारायचं ते असं:

गटात कोणाला घ्यायचं आणि किती जणांना? त्यांना शिकवायचं काय? टपरीचं काय करायचं, मुलांना तिथे बोलायला पाठवावं का? आणि ओढणारं एखादं पोर कळलं तर पुढे काय?

'जनजागृती करा' एवढंच उत्तर कृपया नको. पायरीपायरीने सांगाल तर उपयोग होईल.

---

सुताची_गाठ

पहिल्या पायरीवर जरा जास्त लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच घसरते. वर्गशिक्षक पहिल्या बाकावरची, शिस्तीची, अक्षर चांगलं असलेली मुलं निवडतात. टपरीच्या घोळक्यात त्या मुलांचं कोणी ऐकत नाही. उलट 'सरांचे चमचे' हे नाव आठवड्याभरात पडतं आणि दहावीपर्यंत सुटत नाही.

निवड मुलांनीच करायची, आणि तीही सिगारेटचं नाव न काढता. इंग्लंड-वेल्समध्ये या पद्धतीची मोठी चाचणी झाली, 'असिस्ट' या नावाने ती ओळखली जाते. ५९ शाळा, १२-१३ वर्षांची १०,७३० मुलं. निष्कर्ष २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तिथे चिठ्ठीवर साधारण तीन गोष्टी विचारल्या होत्या: आपल्या इयत्तेत तू कोणाला मानतोस, खेळात किंवा गटाच्या कामात पुढारपण कोण चांगलं करतं, आणि कोणाकडे बघून असं व्हावं वाटतं. ज्यांची नावं सर्वांत जास्त आली अशा साडेसतरा टक्के मुलांना बोलावलं. काही नाही म्हणणार, काही मधे सोडणार, हे धरून शेवटी इयत्तेच्या १५ टक्के तरी उरावीत असा हिशेब. तुमच्या १२० च्या पटाला २१ जणांना बोलवा, १८ टिकतील असं धरा. यापेक्षा कमी घेतलीत तर एखादा कंपू पूर्ण सुटतो, आणि नेमका टपरीजवळचा कंपूच सुटतो.

चिठ्ठ्यांचं असं करा. चतकोर कागद, लिहिणाऱ्याचं नाव नाही, तिन्ही तुकड्यांना एकाच तासाला. मुलगे आणि मुली यांची मोजणी वेगळी करा, नाहीतर आरडाओरडा करणाऱ्या मुलग्यांचीच नावं वर येतात आणि मुलींपर्यंत पोचणारं कोणी उरत नाही. मोजायला वर्गशिक्षक नकोत, कारकून किंवा ग्रंथपाल चालतील. कोणाला किती मतं पडली ते फळ्यावर लावू नका, ज्यांचं एकदाही नाव आलं नाही त्यांना ते झोंबतं.

यादी पाहून शिक्षकांच्या कपाळावर आठ्या येणारच. शेवटच्या बाकावरचा, गृहपाठ न करणारा, मैदानावर मारामाऱ्या करणारा, अशी नावं त्यात असतात. ती खोडायची नाहीत. 'हा नको, त्याच्याऐवजी तो घ्या' एकदा सुरू झालं की पुन्हा पहिल्या बाकावर येऊन थांबाल.

प्रशिक्षण दोन दिवसांचं, शाळेबाहेर. ग्रामपंचायतीचं सभागृह, सार्वजनिक वाचनालयाची वरची खोली, काहीही चालेल. शाळेच्या वर्गात घेतलं की मुलं विद्यार्थी म्हणून बसतात आणि उत्तरं पाठ करून देतात. शिकवणारे बाहेरचे हवेत. शाळेतले एक-दोन शिक्षक हजेरीला असावेत, पण मागे. पालकांची लेखी संमती आधी घ्या, त्यात सहल नव्हे, काय विषय आहे ते स्पष्ट लिहा.

दोन दिवसांतला माहितीचा भाग एक तृतीयांशापेक्षा वाढू देऊ नका. धुरात काय असतं, निकोटीन मेंदूत १०-२० सेकंदांत पोचतं म्हणून सवय इतकी पटकन का लागते, कंपनीला दरवर्षी नवी गिऱ्हाइकं का लागतात, एवढं पुरे. बाकी सगळा वेळ बोलण्याचा सराव.

सराव तिघांच्या गटात. एक देऊ करतो, एक नाही म्हणतो, तिसरा फक्त बघतो. तीन मिनिटं झाली की भूमिका बदला. दहा मिनिटांत तिघांच्या पाळ्या होतात. बघणाऱ्याने तीनच गोष्टी टिपायच्या: समोरच्याने उपदेश केला का, प्रश्न विचारला का, आणि मित्राला तोंड लपवायला न लावता विषय संपवला का.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. देऊ करणारा मुलगा खडू किंवा पेन ओठांत धरून झुरका मारायची नक्कल करतो, सगळा हॉल हसतो, आणि त्या दुपारचा हिरो सिगारेट ओढणारा ठरतो. म्हणून नक्कल अजिबात नाही. देऊ करणं फक्त वाक्यात: 'एक झुरका मार ना, काय होतंय.'

नाही म्हणायची वाक्यं मुलांकडूनच काढून घ्या, त्यांच्या बोलीत. छोटी हवीत. 'नको रे.' 'मी नाही ओढत, चल वडापाव खाऊ.' 'घरी वास जातो, मरायचंय का मला.' कारण दिलंच तर एकच. दोन कारणं दिली की समोरचा वाद घालतो आणि वादात तोच जिंकतो. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा झाला तर तिथून निघायचं, आणि निघताना कोणालातरी सोबत घेऊन निघायचं. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण कडेला उभी असलेली तुमची आठवीतली मुलं एकटी निघू शकत नाहीत.

मग दहा आठवडे प्रत्यक्ष काम. काम म्हणजे सभा नाही, पथनाट्य नाही, बिल्ला तर मुळीच नाही. रोजच्या गप्पांत, बसस्टॉपवर, डबा खाताना, क्रिकेटच्या वाटेवर विषय निघाला तर दोन वाक्यं बोलायची. प्रत्येकाकडे एक छोटी वही: तारीख, कुठे, किती जण होते, काय विषय निघाला. समोरच्याचं नाव लिहायचं नाही आणि तो ओढतो की नाही हेही लिहायचं नाही. ती वही उद्या कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. दहा आठवड्यांत चार वेळा सगळ्यांना तासभर एकत्र बसवा, कुठे अडलं ते ऐका, अडलेल्या प्रसंगाचा तिथेच सराव घ्या. या बैठका चुकल्या की तिसऱ्या आठवड्यापासून वह्या कोऱ्या येतात.

वेळ कधीची? ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन, आणि आपल्याकडे त्या दिवशी शाळेला कुलूप असतं. तो जूनमध्ये उरकायचा म्हणून उरकला जातो, त्याच्या मागे लागू नका. चिठ्ठ्या जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, प्रशिक्षण त्यानंतर लगेच, आणि दहा आठवडे दिवाळीच्या परीक्षेआधी संपवा. गणपतीची सुट्टी दहात धरू नका, पण त्याच्या आदल्या आठवड्यात बैठक जरूर ठेवा. मंडपाच्या मागे रात्री जागरणाला बसलेली मोठी मुलं हे पहिल्या झुरक्याचं नेहमीचं ठिकाण.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगून टाकतो. 'असिस्ट'मध्ये ज्या शाळांत हे केलं तिथे नियमित धूम्रपानाच्या शक्यतेचं गुणोत्तर एका वर्षाने इतर शाळांच्या तुलनेत ०.७७ होतं, दोन वर्षांनी ०.८५ (१ म्हणजे काहीच फरक नाही, १ पेक्षा जितकं कमी तितका फायदा जास्त). म्हणजे परिणाम खरा, पण विरत जाणारा. दर जुलैला नव्या आठवीसाठी पुन्हा करावं लागतं.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ दरम्यान 'मैत्री' प्रकल्प झाला, सहावी आणि आठवीच्या मुलांसाठी. तिथे वर्गातले उपक्रम शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी-नेतेच घेत. दोन वर्षांत तुलनेच्या शाळांतला तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, प्रकल्पाच्या शाळांतला १७ टक्क्यांनी घटला. त्यात खाण्याची तंबाखूही धरली होती, हे लक्षात ठेवा.

---

कलम_सहा

टपरीपुरतं लिहितो.

मुलांना तिथे पाठवायचं नाही. बोलायला नाही, फलक लावायला नाही, मोबाइलवर फोटो काढायला तर नाहीच. टपरीवाला त्यांच्यापैकीच कोणाचा तरी काका असतो, दमदाटी झाली तर पोर एकटं पडतं, आणि आपणच त्याला रोज टपरीसमोर उभं करतो ते वेगळं. ते काम मोठ्यांचं.

तंबाखू नियंत्रणाचा कायदा २००३ चा, बोलीभाषेत 'कोटपा'. कलम ६ मध्ये दोन गोष्टी आहेत: १८ वर्षांखालील कोणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकायचा नाही, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीच नाही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. घोळ होतो तो मोजण्यात. लोक फाटकापासून रस्त्याने मोजतात आणि 'सव्वाशे मीटर भरतंय, चालतंय' म्हणतात. नियमानुसार अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी धरायचं. रस्त्याला वळण असेल तर रस्त्याने सव्वाशे भरणारी टपरी सरळ रेषेत सत्तरवर येऊ शकते.

मोजायचं असं: ३० मीटरची टेप, कुंपणाच्या टपरीकडच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून. मधे घर आलं तर उपग्रह नकाशावर अंतर मोजून त्याची छापील प्रत काढा. त्यावर कुंपण गडद रेषेने आणि ९१ मीटरची बाहेरची हद्द पिवळ्या रेषेने आखा. हा नकाशा काढायचं काम मात्र मुलांना जरूर द्या, नववीच्या भूगोलाचं प्रात्यक्षिक म्हणून. वर्गात बसून. रस्त्यावर पिवळा पट्टा मारायचा तर रस्ता ज्याचा आहे त्या ग्रामपंचायतीची, नगरपरिषदेची किंवा बांधकाम विभागाची परवानगी आधी.

मग मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र पोलीस ठाण्याला, प्रत ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेला आणि जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षाला. पत्रात मोजलेलं अंतर, नकाशा, काय विकलं जातं आणि कुठल्या वेळेला, एवढंच. विद्यार्थ्यांची नावं नाहीत. पत्राची पोच घ्या, महिन्याने स्मरणपत्र. सुगंधी तंबाखू, गुटखा दिसला तर वेगळं पत्र अन्न व औषध प्रशासनाला, कारण ती बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे (गुटख्यावर २०१२ पासून).

कोटपाच्या कलम ६ चा दंड २०० रुपयांपर्यंत. टपरीवाला तो हसत भरतो. म्हणून पत्रात आणखी दोन गोष्टींचा उल्लेख ठेवा. महाराष्ट्रात सुट्ट्या सिगारेट आणि विडीच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. सुट्टी दिली की पाकिटावरचा ८५ टक्के जागेचा इशारा गिऱ्हाइकाला दिसतच नाही, आणि मुलांना परवडते ती सुट्टीच. दुसरं म्हणजे बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७७: बालकाला तंबाखूजन्य पदार्थ दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे पोलिसांनी टपरीवाल्याला समजावलं की बहुतेक वेळा प्रकरण तिथेच निवळतं.

आणखी एक. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१९ च्या 'तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था' मार्गदर्शक सूचनांत नऊ निकष आहेत. त्यात तंबाखू मॉनिटर (नियम पाळले जातात का ते बघणारा) नेमणं आहे आणि नववीपासूनचे विद्यार्थीही मॉनिटर होऊ शकतात. तो निकष जरूर पूर्ण करा, पण वर 'सुताची_गाठ' यांनी सांगितलेली आठवीची मुलं आणि हे मॉनिटर एक करू नका. मॉनिटरचं नाव फलकावर लागतं, तो नियमाचा माणूस. मित्राशी गप्पा मारणाऱ्याचं नाव फलकावर लागलं की त्याच्याशी कोणी मोकळं बोलणार नाही.

आणि शाळेच्या आवारात कर्मचाऱ्यांपैकी कोणी ओढत किंवा थुंकत असेल तर आधी ते थांबवा. मुलांच्या नजरेतून ते सुटत नाही.

---

चढाई_३०

कर्करोगाच्या चित्रफितीबद्दल. तेरा वर्षांच्या मुलाला चाळिशी म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी आयुष्य. वर 'आमचे आजोबा ऐंशीपर्यंत विडी ओढायचे' हे उत्तर तयार असतंच. या आठवड्यात काय बिघडेल ते बोला.

कबड्डीची चढाई ३० सेकंदांची, एका दमात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. तेवढी जागा अडली की प्राणवायू कमी पोचतो आणि दम आधी तुटतो. चांगली बाजू ही की ओढणं थांबवल्यावर साधारण दिवसभरात तो रक्तातून उतरतो, म्हणून 'शनिवारच्या सामन्याआधी शुक्रवारपासून नको' हे मुलांना पटतं. तिथून सुरुवात करता येते.

पैशाचा हिशेब फळ्यावर मांडायला लावा. सुट्टी १५ रुपयांची धरली आणि दिवसाला दोन, तर महिन्याला ९००, वर्षाला १०,९५०. भाव टपरीवरचा जो असेल तो घ्या. मग त्या पैशांत काय येतं ते मुलंच सांगतात, आपण बोलायचं नाही.

---

मुक्ता_वाट

चौथ्या प्रश्नाचं उत्तर देते. ओढणारं पोर कळलं तर पुढे काय, हे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवायला हवं. नंतर ठरवायला बसलात तर ते एका विशिष्ट मुलाबद्दल ठरतं आणि शाळाभर कळतं.

गटातल्या मुलांना एकच नियम: मित्र सिगारेट ओढतो ही गोष्ट तुम्ही शिक्षकांना सांगायची नाही, आणि शिक्षक तुम्हाला विचारणार नाहीत. दुसरा भाग मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवायचा, नाहीतर पहिला टिकत नाही. याला एकच अपवाद. मित्र दुसरी काही नशा करतोय, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलतोय, किंवा कोणी मोठा माणूस त्याला काही पुरवतोय असं कळलं तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचंच. हा फरक प्रशिक्षणात उदाहरणं देऊन शिकवा. 'सांगू की नको' यात मुलं फार अडकतात.

मित्राशी बोलताना गटातल्या मुलाने विचारायचा प्रश्न असा: 'सोडावीशी वाटते का कधी?' 'सोड' नाही. हो म्हणाला तर पुढे, नाही म्हणाला तर विषय बदलायचा आणि मैत्री चालू ठेवायची. रागावून बोलणं तोडलं की तो मुलगा पूर्णपणे टपरीचा होतो.

सोडायची म्हणणाऱ्याला काय सांगायचं: तलफ येते ती तीन ते पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. घोट घोट पाणी, जागेवरून उठणं, चार खोल श्वास, मित्राला फोन. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप बिघडते. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक कमी होतं. हे आधी माहीत असेल तर 'मला काहीतरी झालंय' असं वाटून तो परत ओढत नाही. मधे एकदा ओढली तर 'गेलं सगळं' असं म्हणायचं नाही. कुठे, कोणाबरोबर, किती वाजता ओढली ते विचारायचं आणि पुढच्या वेळी ती जागा टाळायची.

रोज ओढत नाही म्हणजे सवय लागलेली नाही, असं समजू नका. या वयात रोजची होण्याआधीच तलफ जाणवू लागते. सकाळी उठल्या उठल्या हवीशी वाटते का, हा प्रश्न पुरेसा बोलका आहे. तसं असेल तर हे मित्राच्या हातातलं काम नाही. राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, १८००-११-२३५६, हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, फोन मोफत, मराठीतही बोलतात. सरकारी रुग्णालयातलं किशोरवयीनांसाठीचं 'मैत्री' क्लिनिक (वरचा 'मैत्री' प्रकल्प वेगळा) किंवा जिल्हा रुग्णालयातलं तंबाखूमुक्ती केंद्र, यांचे वार आणि वेळा आधीच जाऊन विचारून ठेवा. निकोटीनचा च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतो, पण मुलांनी एकमेकांना तो देणं नाही. १८ खालच्यांना तो डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नाही.

शाळेने काय करू नये: प्रार्थनेला उभं करणं, आठ दिवस घरी पाठवणं. घरी पाठवलेला मुलगा दिवसभर कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहेच.

वेपबद्दलही एक ओळ. ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठवणूक, जाहिरात यांवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, पण ती पेनासारखी किंवा पेनड्राइव्हसारखी दिसते आणि वास फळाचा येतो. मुलांना 'यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे' असं सांगून देतात. बहुतेकांत निकोटीन असतं, एवढं नक्की शिकवा.

---

खर्रा_नको

पलीकडच्या बाजूने. सगळी चर्चा सिगारेटची चालली आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे २६.६ टक्के होते, त्यात ओढणारे फक्त ३.८ आणि चघळणारे-लावणारे २४.४ (काही जण दोन्हीत येतात). विदर्भात खर्रा, मराठवाड्यात गायछाप-चुना, मुलींमध्ये आणि घरातल्या बायकांत मिशरी. मिशरीला तर कोणी तंबाखूच म्हणत नाही, दात घासायचं म्हणतात. तुमचा गट फक्त धुराबद्दल बोलला तर खिशात पुडी ठेवणारा मुलगा निवांत मान डोलवेल.

आणि आठवी लवकर वाटत असेल तर: २०१९ च्या राष्ट्रीय युवा सर्वेक्षणात १३-१५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखूचा चालू वापर सांगितला. ज्यांनी सिगारेट ओढून पाहिली त्यांतल्या ३८ टक्क्यांनी दहाव्या वाढदिवसाआधी पाहिली, विडीचं ४७, न ओढण्याच्या तंबाखूचं ५२. सहावीचं वेगळं काहीतरी हवंच.

---

कोरा_फळा

सर्वांचे आभार. एवढं हाताशी येईल असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. चिठ्ठ्यांतून आधीच ओढणारा मुलगा निवडून आला तर? आणि उपयोग झाला की नाही ते मोजायचं कसं? मुलं खरं लिहितील का?

---

सुताची_गाठ

पहिल्याबद्दल: येईलच, धरून चाला. त्याला काढू नका, पण त्याच्याशी एकट्याशी बोला, बाहेरच्या प्रशिक्षकाने. 'या दहा आठवड्यांत तू इतरांना नको म्हणणार, स्वतःचं काय करायचं ठरवलंस?' सोडायला तयार असेल तर त्याच्याइतका उपयोगी कोणी नाही, त्याचा शब्द थेट घोळक्यात पोचतो. तयार नसेल तर बहुतेक तो स्वतःच येत नाही. ती गळती साडेसतरा टक्क्यांत आधीच धरली आहे.

---

मुक्ता_वाट

इथे मी थोडी वेगळी बाजू घेते. सोडायला तयार असेल तर ठीक. पण रोजची सवय असेल तर त्याला आधी मदतीला जोडून द्या आणि पुढच्या फेरीला घ्या. सोडण्याचा पहिला आठवडा आणि दुसऱ्यांना समजावण्याचा पहिला आठवडा एकाच वेळी आला की दोन्ही फसतात, आणि वर्ग त्याच्याकडेच बघत असतो.

---

सुताची_गाठ

मान्य. रोजची असेल तर तसंच करा.

मोजणीचं. प्रशिक्षणाच्या आधी एक कागद, दहा आठवड्यांनी तोच, पुढच्या जुलैला पुन्हा तोच. नाव नाही, तुकडी नाही, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून फक्त खुणा. भरताना वर्गशिक्षक बाहेर, बाकांत अंतर, आणि जमा करायला वरून फट असलेला बंद खोका. हातात गोळा केलात की उत्तरं बदलतात.

प्रश्न पाचच. गेल्या ३० दिवसांत सिगारेट किंवा विडी ओढली का. गेल्या ३० दिवसांत तंबाखू, खर्रा, गुटखा, मिशरी यांतलं काही वापरलं का. वेप किंवा हुक्का. गेल्या ३० दिवसांत कोणी देऊ केली का आणि तेव्हा काय केलंस. आणि शेवटचा, तुझ्या इयत्तेतल्या दर १० मुलांमागे किती जण ओढत असतील असं तुला वाटतं?

शेवटचा प्रश्न कामाचा आहे. मुलं जवळजवळ नेहमी खऱ्यापेक्षा जास्त आकडा सांगतात, कारण टपरीवरचे मूठभर दिसतात, घरी गेलेले बाकीचे दिसत नाहीत. वर्गाचा अंदाज दहात चार आला आणि प्रत्यक्ष खुणा दहात एकापेक्षाही कमी निघाल्या, तर हा फरक गटातल्या मुलांना सांगा. 'सगळेच ओढतात' याला त्यांच्याच वर्गाच्या कागदाचं उत्तर मिळतं. उलट निघालं, खरा आकडाच मोठा आला, तर तो जाहीर करू नका. त्याने ओढणं हेच नेहमीचं ठरतं. तेव्हा चौथ्या प्रश्नाकडे बघा: देऊ केली त्यांतल्या किती जणांनी नको म्हटलं. बहुतेक वेळा सांगण्यासारखा आकडा तिथे मिळतो.

तुकडीनिहाय किंवा मुलगे-मुली असे तुकडे पाडून आकडे लावू नका. चाळीसच्या तुकडीत 'दोन' म्हटलं की कोण दोन ते मधल्या सुट्टीपर्यंत शाळेला कळतं.

---

कलम_सहा

आणि ते कागद आकडे उतरवून झाले की जाळून टाका. तपासणीच्या फायलीत फक्त एकूण आकडा आणि तारीख.